कोरडं ठरलेलं टाकं

१

टाकेवाडीचं वाघजाईचं टाकं गेल्या उन्हाळ्यात आटलं होतं, असं अहवालात छापून आलं आणि सगळी वाडी भडकली. कारण टाकं आटल्याचं वाडीतल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

ही बातमी माझ्याकडे बुधवारी संध्याकाळी आली, शैलेश उगलेच्या तोंडून. शैलेश माझा जुना विद्यार्थी. बाणेरला आता त्याची स्वतःची कंपनी आहे. मोठ्या बांधकामांचा परिसरावर काय परिणाम होईल, याचे अभ्यास ती करून देते. मी अनसूया पाटणकर. सगळी नोकरी भूजलात काढली. आता भूगावात फ्लॅटमध्ये राहते आणि सोसायटीच्या बोअरवेलवरून सेक्रेटरीशी भांडते. माझा स्वभाव चांगला आहे असं कुणी म्हणत नाही. माझा अंदाज चुकला असंही सहसा कुणी म्हणत नाही.

शैलेशबरोबर ऋतिका होती. नांदेडची हुशार मुलगी, त्याच्याकडे फील्डवर काम करते. त्या दिवशी वाडीतल्या बायकांनी तिला घेरून विकली गेलेली, खोटारडी असं बरंच काही ऐकवलं होतं. तिचे डोळे अजून लाल होते.

प्रकरण साधं होतं. भरे गावच्या वरच्या अंगाला एक पठार आहे. त्यावर टॉवर, क्लब, शाळा असं नवं शहरच उभं करायचा प्रस्ताव आहे. पठाराच्या पोटाशी खडकात खोदलेलं जुनं टाकं आहे. वर मुरलेलं पाणी त्यात झिरपतं आणि वाडी तेच पिते. टाकं बारमाही असेल, तर पठाराची ती बाजू खणायची नाही अशी अट घालावीच लागते. उन्हाळ्यात आटत असेल, तर अट नाही. शुक्रवारी सकाळी जनसुनावणी होती. तिथून अहवाल पुढे गेला की डोंगर कापायला मोकळा आणि वाडी टँकरची वाट बघायला मोकळी.

"पुरावा काय?" मी विचारलं.

ऋतिकाने स्टीलची एक जाडसर नळी टेबलावर ठेवली. ही नळी तारेने टाक्यात सोडायची. वर किती पाणी आहे आणि भोवती उष्णता किती आहे, हे ती तासातासाला नोंदवते.

"हिवाळ्यात लावली होती, मे संपताना काढली," ऋतिका म्हणाली. "काढली तेव्हा पाण्यातच होती. पण चैत्रातल्या जत्रेच्या सुमारापासून पुढे कितीतरी आठवडे तिला पाणी लागलेलंच नाही. नंतर पुन्हा पाणी."

"ते कुठून आलं?"

"वळीव झाला होता ना मॅडम. आम्हाला वाटलं, त्यानं भरलं."

"एका वळवानं खडकातलं टाकं भरतं, हे तुला कुणी शिकवलं? याला मी तरी नव्हतं शिकवलं."

शैलेशने नळी माझ्याकडे सरकवली. मी नळी उचलून फिरवून पाहिली. झाकणाच्या आट्यांत निळसर काहीतरी बसलं होतं. ऋतिका म्हणाली, शेवाळ असेल. शेवाळ नखाने निघतं. हे निघत नव्हतं.

"म्हणजे मॅडम," शैलेश हताश होऊन म्हणाला, "एक तर अख्खी वाडी खोटं बोलतेय, नाहीतर ही नळी."

"तिसरीही शक्यता आहे," मी म्हणाले. "नळी खरंच बोलतेय. पण टाक्याबद्दल बोलत नाहीये."

२

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी आणि ऋतिका टाकेवाडीत पोचलो. भात निघून गेलं होतं आणि खाचरांत हरभरा, वाल हिरवेगार उभे होते. टाकं काठोकाठ भरलेलं होतं, पण हिवाळ्यात भरलेलं टाकं उन्हाळ्याबद्दल काही सांगत नाही. त्यावर खडकाची कड पुढे आलेली आहे आणि कडेला एक दांडगी जांभळ. ऊन पाण्याला शिवतसुद्धा नाही.

साळूबाई ढमाले दारातच उभ्या होत्या. साठी उलटलेली, आवाज खणखणीत. टाक्याची किल्ली वाडीत कुणाकडे असेल, तर ती या बाईकडे, असं त्यांच्याकडे बघूनच वाटलं. टाक्याला कुलूप नाही, ही गोष्ट वेगळी.

"आली का ही पुन्यांदा?" त्यांनी ऋतिकाला विचारलं. "आता काय लिवणार हायेस? वाडीबी आटली म्हून?"

"मी लिहून घ्यायला आले नाही, ऐकायला आलेय," मी म्हणाले. "चहा देणार की उन्हात उभं करणार?"

बाई हसल्या. माझ्यासारखीच फटकळ भेटली की माणसं लवकर मोकळी होतात, हा माझा अनुभव आहे.

आत भिंतीवर नवी कोरी निळी मांडणी होती आणि तिच्यावर घासून लखलखीत केलेले तांबे. मी तिच्याकडे बघतेय हे पाहून साळूबाई खुलल्या. "पोरानं आणली. एकनाथनं." एकनाथ अंगणात मोटरसायकल धूत होता. तिशीच्या उंबरठ्यावरचा, अंगाने मजबूत, बोलायला कमी. आज सुट्टी आहे, एवढंच तो म्हणाला आणि पुन्हा चाक घासू लागला.

"चैत्रात टाकं रिकामं झालं होतं का?" मी विचारलं.

"झालं व्हतं की!" साळूबाई म्हणाल्या.

ऋतिकाने कप खाली ठेवला. मी मात्र थांबले. अर्धं उत्तर ऐकून निघालेली माणसंच असले अहवाल लिहितात.

"आमीच करतो दरसाली," त्या पुढे म्हणाल्या. "जत्रंच्या आदी समदी वाडी मिळून टाकं उपसायचं. गाळ काडायचा, भिती घासायच्या. मग वरनं जांभळीच्या डहाळ्या टाकून झाकायचं. रिकामं टाकं बघू न्हाई, वाघजाईला चालत न्हाई. जत्रंच्या सकाळी डहाळ्या काडल्या की आपसूक भरल्यालं असतं. पयला हंडा देवीला, मग आपल्याला."

"आणि ही नळी? उपसताना कुठे ठेवली होती?"

"जांभळीच्या फांदीला टांगली व्हती, टावेलात गुंडाळून. मागनं आमच्या कैलासनं लावली आसंल."

"तुम्ही पाहिलंत लावताना?"

"म्या न्हाई. डहाळ्या टाकल्यावर कोन वाकून बघतंय?"

म्हणजे दर वर्षी सगळी वाडी एकाच वेळी टाक्याकडे पाठ फिरवते. नळी उचलायला याहून सोयीची वेळ कुठली? ऋतिका परगावची, तिला जत्रेचं आमंत्रण होतं, पण उपसण्याबद्दल तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काय, दरसालचंच तर आहे, असं वाडीला वाटलं. आणि तिनेही विचारलं नाही.

कैलास नांदे रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये भेटला. शेडवर प्लॉटिंगचा मोठा फलक होता. कैलास साळूबाईंच्या नात्यातला, प्रकल्प यावा म्हणून सगळ्यांत मोठ्याने बोलणारा. समोर साबुदाण्याची खिचडी होती. "बसा बाई. आज गुरुवार, उपास हाय, न्हाईतर जेवूनच जा म्हटलं असतं."

"नळी परत कुणी लावली?"

"मी न्हाई. एकनाथनं लावली असंल. न्हाईतर पोरापोरांनी. आन् खरं सांगू का? टाकं आटतंय. मी ल्हानपणापासनं बघतुया."

"लहानपणापासून आटतंय? मग जत्रेला देवीला पहिला हंडा तुम्ही कुठून घालता?"

कैलास खिचडी चिवडू लागला. माझ्या डोक्यावर पत्रा तापू लागला होता, जानेवारीत. चैत्रात इथे काय होत असेल, याचा विचार करतच मी उठले.

बाहेर येताच ऋतिका माझ्या कानाशी लागली. "मॅडम, हाच आहे. सरळ सरळ खोटं बोलला."

"खोटं बोलला हे खरं," मी म्हणाले. "पण नळी उचलायला खोटं बोलता येऊन भागत नाही. मला उष्णतेचा आलेख दाखव."

३

लॅपटॉप जांभळीखाली उघडला. ऋतिकाने उष्णतेचा आलेख आजवर उघडलाच नव्हता, कारण अहवालात फक्त पाण्याची उंची मागितली होती. मी तिला बोलले नाही. मागितलं तेवढंच देणं ही आपल्याकडे शिस्त मानली जाते.

जत्रेपर्यंत रेघ सरळ होती. खडकातल्या पाण्याची उष्णता बदलत नाही, रात्र असो की दुपार.

"आता नळी कोरड्या टाक्यात लटकत असती तर?" मी विचारलं.

"सावली आहे, खडक आहे... थोडी वरखाली झाली असती. फार नाही."

"आणि प्रत्यक्षात?"

ऋतिकाने रेघ पुढे सरकवली. जत्रेपासून पुढे रेघ रोज सकाळी उसळून वर जात होती आणि दिवसभर वरच राहत होती. एवढी उष्णता या टाक्यात होळी पेटवली तरच आली असती.

"म्हणजे टाकं आटलंच नव्हतं!" ती जवळजवळ ओरडली. "नळी इथे नव्हतीच! पत्र्याच्या शेडमध्ये होती. कैलास!"

"पुढे बघ. मध्येच काही दिवस रेघ खालीच आहे. का?"

तिने तारखा जुळवल्या. मग ती हळूच म्हणाली, "दर गुरुवारी."

आणि लगेच टाळी वाजवली. "गुरुवार! उपास! मॅडम, कैलासच!"

मला हसू आवरेना. "अगं, उपासानं पोट थंड होतं, पत्रा नाही. कैलासच्या शेडला ऊन तापवतं. सूर्याला आठवड्याची सुट्टी असते का? शेडमध्ये असती, तर गुरुवारीही तापलीच असती. तुझ्या गाडीत किंवा तुमच्या ऑफिसात राहिली असती तर?"

"ऑफिस शनिवार-रविवार बंद असतं. तेव्हा काहीतरी फरक दिसला असता." ती थबकली. "तुम्ही माझ्यावरही संशय घेतला होता?"

"घेतला होता की. शैलेशवर जास्त. आता कुणावरच नाही. नांदेडला गुरुवार म्हणजे फक्त वार असेल. इथे तसं नाही. पिरंगुटच्या कारखान्यांना सुट्टी कधी असते, विचार कुणालाही."

तिने आलेखातले गुरुवार पुन्हा मोजले.

"ही नळी कारखान्यात होती," मी म्हणाले. "नुसत्या कारखान्यात नाही, भट्टीजवळ. भट्टी पेटली की तापायची, गुरुवारी भट्टी बंद की गार. आणि आट्यांतलं ते निळं शेवाळ नाही. लोखंडावर रंगाची पूड उडवून ती भट्टीत भाजतात. एकदा बसली की नखाने काय, तारेनेही निघत नाही."

खाली वाडीत पाण्याचा पाइप बंद झाल्याचा आवाज आला. मोटरसायकल धुऊन झाली होती.

"आज गुरुवार," ऋतिका पुटपुटली. "आणि आज सुट्टी आहे, असं आपल्याला कोण म्हणालं?"

४

खरं सांगते, त्या दारात पुन्हा जाताना मला आनंद झाला नाही. कैलास निघाला असता तर मी उड्या मारत गेले असते.

साळूबाई चुलीपुढे भाकऱ्या थापत होत्या. मी एकनाथला म्हणाले, "जरा बाहेर चल, बोलायचंय." तो उठायच्या आधीच बाई म्हणाल्या, "जे काय आसंल ते हितंच बोला. माज्या घरात कोपऱ्यात जाऊन बोलत न्हाईत."

मग मी नळी काढली, झाकण उघडलं आणि निळ्या मांडणीच्या कडेला धरलं. निळा रंग दोन्हीकडे एकच होता, एकाच भट्टीतला.

एकनाथने झाकण हातात घेऊन आट्यांवरून नख फिरवलं.

"मोडली न्हाई मी," तो शेवटी म्हणाला. "परत लावली व्हती."

"म्हणून तर सापडलास. कुठे ठेवली होतीस?"

"कंपनीत, माझ्या लॉकरात. भट्टीच्या मागंच हाय. घरात ठेवली असती, तर आयेनं चुलीमागनंबी हुडकून काडली असती. या ऋतिका मॅडम नळी काढायला येणार म्हणून कैलासदादानं वाडीत सांगितलं, तवा आदल्या दिवशी लावून टाकली. हरवली असती, तर यांच्या अंगावर आलं असतं."

"आणि टाकं आटल्याची नोंदही मिळाली नसती."

"त्येबी हाय," तो खाली मान घालून म्हणाला.

"बिल्डरच्या माणसानं सांगितलं होतं?"

"कुनी न्हाई सांगितलं. माजंच डोकं." मग तो एकदम भडभडा बोलू लागला. "पोरगी बघायला गेलो की पयला सवाल काय? पगाराचा न्हाई, शेतीचा न्हाई. पाणी नळाला येतं का डोईवर आणायचं? वाडीचं नाव सांगितलं की चहा आत जातो, पोरगी भायेर येत न्हाई. प्रकल्प झाला तर वरचं रान इकंल, भूगावात फ्लॅट हुईल. आयेला सुदिक नळाचं पाणी मिळंल. टाकं कागदावर आटलं, तर खरं टाकं थोडंच आटतंय, असं वाटलं."

"वरचा डोंगर कापला की खरंच आटतं," मी म्हणाले. "पाणी टाक्यात राहतं, पण येतं डोंगरातून."

त्याला हे खरंच माहीत नव्हतं. त्याचा चेहरा बघून माझी खात्री पटली आणि मला त्याचा राग धरता येईना. पण पाण्याच्या चोरीला माफ करणंही मला जमत नाही.

तव्यावरची भाकरी करपली. साळूबाईंनी ती उलटली नाही.

"तुज्या बायकूनं डोईवर पाणी आणू न्हाई," त्या सावकाश म्हणाल्या, "म्हून माजं टाकंच मारलंस व्हय रं?"

एकनाथ उठला, गाडीला किक मारली आणि निघून गेला.

मी शैलेशला फोन लावला. तो आधी खूश झाला, मग म्हणाला, "मॅडम, आलेखावरून आपल्याला कळलं. पण बिल्डरचा तज्ज्ञ म्हणेल, यंत्रात बिघाड होता, टाकं तरी आटलंच असेल. नळी बाहेर होती हे सांगणारं माणूस लागेल. तो मुलगा सुनावणीला येईल?"

मी साळूबाईंकडे पाहिलं. त्यांनी चूल विझवली होती.

५

सुनावणी एका मंगल कार्यालयात होती. स्टेजवर साहेब लोक, पुढच्या रांगेत कैलास आणि त्याची मंडळी, मागे सगळी टाकेवाडी. एकनाथ कुठेच नव्हता. शुक्रवारी कारखाना चालू असतो.

मी बोलले. आलेख मोठ्या पडद्यावर दाखवला, उपसण्याची रीत सांगितली, गुरुवार दाखवला, रंगाची पूड दाखवली. कुणाचं नाव मात्र घेतलं नाही. लोक टाळ्या वाजवू लागले, तेव्हा बिल्डरचा तज्ज्ञ उठला. कोट घातलेला, गोड बोलणारा माणूस.

"मॅडमची बुद्धी अफाट आहे," तो म्हणाला. "पण हा तर्क आहे. यंत्र बिघडलेलं असू शकतं. या नळीला टाक्यातून नेताना कुणी पाहिलंय? नेणारा कोण? नाव नसेल, तर अहवालातली नोंद कायम ठेवावी अशी माझी विनंती आहे."

स्टेजवरच्या मुख्य साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "असं कुणी आहे का?"

मी उत्तर द्यायच्या आतच मागून साळूबाई उठल्या. माणसांतून वाट काढत, गुडघ्यावर हात टेकत त्या माइकपाशी आल्या.

"म्या साळूबाई ढमाले. टाकं आटलं न्हवतं. यंत्र माज्या पोरानं उचललं. एकनाथ त्येचं नाव. पिरंगुटच्या कंपनीत कामाला हाय. काल माज्यापुडं कबूल झालाय. लिवून घ्या."

कैलासने डोकं धरलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"आजी, तुम्ही पोटच्या मुलाविरुद्ध बोलताय. त्याच्यावर कारवाई होऊ शकते. नीट विचार करून सांगा."

"इचार त्यानं करायचा व्हता, सायेब. तुमी लिवा."

गोड बोलणारा तज्ज्ञ पुन्हा उठला. "साहेब, ही ऐकीव गोष्ट झाली. मुलगा स्वतः तर इथे नाहीच."

"हाय की."

आवाज दाराकडून आला. एकनाथ कंपनीच्या कपड्यांतच उभा होता, घामाघूम. कामावरून निघून आला होता. सरळ चालत तो पुढे आला आणि त्याने आईच्या हातातून माइक घेतला.

"आयेला आदी खाली बसवा," तो म्हणाला. "तिचं गुडघं दुखत्यात. फुडचं मी सांगतो."

त्याने सगळं सांगितलं. कधी उचलली, कुठे ठेवली, कधी परत लावली आणि का. कुणाच्या माथी काही मारलं नाही. डोईवरच्या हंड्यांचंही सांगितलं. मागे बसलेल्या बायकांतली एक पदराने डोळे पुसत होती, आणि तिनेच बुधवारी ऋतिकाला खोटारडी म्हटलं होतं.

शैलेश तिथेच उठला आणि अहवालातलं ते पान मागे घेतो म्हणाला. मला त्याचा अभिमान वाटला, आणि मी तसं त्याला नंतर सांगितलंही. साहेबांनी नोंद घेतली की टाकं बारमाही धरावं आणि नव्याने अभ्यास होईपर्यंत पठाराची ती बाजू कुणी खणू नये. एकनाथचं म्हणणं वेगळ्या कागदावर घेऊन त्याची सही झाली. कारवाईचं पुढे बघू, असं साहेब म्हणाले, पण त्यांचा सूर वाईट नव्हता.

सही करून एकनाथ वळला. आईच्या शेजारी जाऊन उभा राहिला, बसायचं धाडस होईना. साळूबाई समोरच बघत होत्या. मग त्या बाकावर थोड्या सरकल्या आणि त्यांनी त्याला जागा करून दिली.